मधली मूठ

आमच्या देशांत मोटार हांकणारा उजव्या हातास बसतो आणि गिअरची दांडी त्याच्या डाव्या हाताशीं असते. हें आपल्या इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, रस्त्याच्या उजव्या बाजूनें वाहनें चालणाऱ्या देशांत गेलेला आपला मनुष्य पहिले चार दिवस दांडीसाठीं दाराकडची रिकामी जागाच चांचपीत राहतो. विमानांत मात्र जगभर बहुतेक एकच रिवाज आहे: मुख्य वैमानिक डावीकडे, आणि त्याचा मदतनीस, किंवा शिकवणीच्या लहान विमानांत शिक्षक, उजवीकडे. ज्यानें शेंकडों तास डावीकडे बसून विमान चालविलें, तोच शिक्षक होण्यास निघाला म्हणजे त्यास जागा बदलावी लागते, आणि जागा बदलतांच त्याचें हस्तकौशल्य कांहीं काळ त्यास सोडून जातें. वाचकांस ही अडचण आजकालची वाटेल. पण मनुष्य दुसऱ्यास उडण्याची विद्या शिकवूं लागला, त्याच दिवशीं ती जन्मास आली.

ऑर्व्हिल राइट यानें १७ डिसेंबर १९०३ रोजीं किटी हॉक येथील वाळूवर बारा सेकंदांत १२० फुटांचें उड्डाण केलें, तेव्हां विमानांत आसनच नव्हतें. वैमानिक खालच्या पंखावर पालथा पडे; आणि तोहि मध्यभागीं नव्हे, तर डावीकडे सरकून. कारण उजवीकडे इंजिन होतें, आणि त्याचा भार माणसाच्या भारानें तोलावयाचा होता. इंजिन माणसाहून जड, म्हणून उजवा पंख डाव्यापेक्षां सुमारें चार इंच लांब केला होता. वैमानिकाच्या डाव्या जागेचा उगम मानमरातबांत नसून असा तराजूच्या पारड्यांत आहे.

पुढें १४ मे १९०८ रोजीं विल्बर राइटनें चार्ल्स फर्नस या कारागिरास शेजारीं बसवून उड्डाण केलें. विमानांतून दोन माणसें गेल्याचा राइटबंधूंचा हा पहिला प्रसंग. वैमानिकाचें आसन डावीकडे कायम राहिलें, आणि सोबत्याचें आसन वैमानिक व इंजिन यांच्यामध्यें, विमानाच्या मध्यरेषेवर, बसविलें. सोबती असो वा नसो, तोल ढळूं नये, हा त्यांतील हेतु. येथवर सर्व ठीक होतें. कारण सोबत्यास कांहीं करावयाचें नव्हतें. अडचण आली ती सोबत्याचा शिष्य झाला तेव्हां.

त्याच वर्षीं ऑगस्टांत विल्बरनें फ्रान्समध्यें ल मां या गांवाजवळ आपलें विमान लोकांस दाखविलें, आणि पुढें तेथें व पो येथें काउंट द लांबेर, पोल तिसांदिए प्रभृति मंडळींस तो शिकवूं लागला. विल्बरच्या डाव्या हातांत विमान वर-खालीं करणारी दांडी असे. उजव्या हातांतील दांडीनें पंखांस पीळ देऊन व शेपटाकडील सुकाणूं फिरवून विमान वळविलें जाई. शिष्यासाठीं त्यानें वर-खालीं करणारी दुसरी एक दांडी शिष्याच्या उजव्या हाताशीं बसविली. वळविण्याची दांडी मात्र दोघांच्या मध्यें एकच राहिली. गुरूचा उजवा हात आणि शिष्याचा डावा हात, दोन्ही त्याच एका दांडीवर! म्हणजे गुरु ज्या हातानें विमान उचली, त्याच्या विरुद्ध हातानें शिष्य तें उचलावयास शिकला. आरशांत पाहून लिहिणें शिकावें तसाच हा प्रकार झाला.

त्याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. राइटपद्धतीच्या वैमानिकांत डाव्या आसनाचे आणि उजव्या आसनाचे असे दोन पंथ पडले. जो ज्या जागीं शिकला, त्या जागेचाच तो वैमानिक ठरला. उजवीकडे शिकलेला शिष्य उद्यां स्वतः गुरु झाला, तर त्याचा शिष्य डावीकडे बसणार, आणि त्या शिष्याचा शिष्य पुन्हां उजवीकडे. गुरुपरंपरेंत विद्या अखंड चालते असें आपण म्हणतों. येथें ती पिढीगणिक हात पालटीत चालली. तेंच विमान, तोच वारा, त्याच दांड्या. आणि तरीहि तीन फूट बाजूस सरकलेला मनुष्य तेथें नवशिका ठरत होता.

असें कां व्हावें, हें समजण्यास शास्त्रीय परिभाषेची गरज नाहीं. स्वयंपाकघरांतील बाईस डाव्या हातानें पोळी लाटावयास सांगा. पोळीविषयीं तिला ठाऊक नाहीं असें कांहींच नाहीं, पण पोळीचा नकाशा होईल. कांहीं ज्ञान बुद्धींत असतें, कांहीं हातांत असतें. आणि हातांतलें ज्ञान या हातांतून त्या हातांत ठेवतां येत नाहीं, तें पुन्हां मिळवावें लागतें. पोळी बिघडली तर घरांत हंशा होतो. जमिनीपासून वीस फुटांवर शिष्याची चूक सुधारावयाची असतां गुरूचा हात विचार करूं लागला, तर दोघांच्या जिवावर बेततें.

या पेंचांतून निरनिराळ्या लोकांनीं निरनिराळ्या वाटा काढल्या. २५ जुलै १९०९ रोजीं इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या ब्लेरिओच्या विमानांत मुख्य दांडी वैमानिकाच्या दोन गुडघ्यांमध्यें होती, आणि सुकाणूं पायांनीं चाले. डावें-उजवें हा भेद तेथें बराचसा नाहींसा झाला. पुढें शिकवणीच्या पुष्कळ विमानांत आसनें शेजारीं न ठेवतां एकामागें एक ठेविलीं. १९१७ सालीं स्मिथ-बॅरी या इंग्रज अधिकाऱ्यानें गॉस्पोर्ट येथें शिक्षकांचीच शाळा काढली, तेव्हां अॅव्हरो विमानांत गुरु-शिष्य असे पुढें-मागें बसत आणि एका नळींतून बोलत. दोघांची दांडी त्याच हातांत. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं जे. आर. डी. टाटा यांस मुंबईस वैमानिकाचा परवाना मिळाला, त्या काळचीं फ्लाइंग क्लबांतील मॉथ विमानेंहि याच घडणीचीं होतीं.

परंतु नळींतून बोललेल्या शब्दापेक्षां शेजारीं बसलेल्याच्या चेहऱ्यावरून अधिक समजतें. दुसऱ्या महायुद्धानंतर लहान विमानांत शेजारचीं आसनें पुष्कळ प्रचारांत आलीं. १९५५ सालीं उडालेलें सेस्ना १७२ आणि १९५७ सालीं उडालेलें सेस्ना १५० हीं त्या घराण्यांतील सुप्रसिद्ध विमानें. त्यांत आजवर असंख्य लोक शिकले. डावी जागा मुख्य कां, याचीं कारणें पुष्कळ देतात. १९१९ च्या पॅरिस करारान्वयें समोरासमोर आलेल्या विमानांनीं उजवीकडे वळावयाचें, म्हणजे समोरचें विमान डाव्या अंगानें जाणार व तें डावीकडून नीट दिसणार, हें एक. विमानतळाभोंवतीं डावे फेरे घेण्याची पद्धत, हें दुसरें. कारण कोणतेंहि असो, गुरु उजवीकडे गेला. आणि त्याच्याबरोबर १९०८ सालची अडचण परत आली. कारण सुकाण्याच्या मुठी दोघांस दोन असल्या, तरी इंजिनाचा जोर कमी-अधिक करणारी मूठ पुन्हां मधोमध एकच! डावीकडचा ती उजव्या हातानें ओढतो, उजवीकडचा डाव्या हातानें.

हात बदलला तरी एक वेळ निभावेल. पण डोळाहि बदलावा लागतो. वेग व उंची दाखविणारीं घड्याळें डाव्या आसनासमोर बसविलेलीं. उजवीकडून तीं तिरपीं दिसतात आणि कांटा खऱ्या आंकड्यावरून किंचित् सरकलेला भासतो. डावीकडे बसणाऱ्यास डावें वळण घेतांना विमानाचें नाक उचलल्यासारखें व उजव्या वळणांत खालीं गेल्यासारखें वाटतें. उजवीकडे हा भास उलटा होतो. उतरतांना तर फारच फसगत. वैमानिक नाकाच्या मध्यावर नजर ठेवून तें धांवपट्टीच्या रेषेवर आणूं पाहतो. पण तो स्वतः मध्यावर बसलेला नसतो, म्हणून डावीकडून पाहणाऱ्याचें विमान डावीकडे तोंड करतें, व उजवीकडून पाहणाऱ्याचें उजवीकडे. डाव्या जागेची चूक त्यानें अनेक वर्षांत पोटांत घालून घेतलेली असते; उजवीकडे येतांच तीच दुरुस्ती दुप्पट चूक होते. यावर उपाय एकच. नाकाकडे न पाहतां आपल्या स्वतःच्या समोर सरळ पाहावें, आणि पहिल्या दिवसाच्या विद्यार्थ्याप्रमाणें पुन्हां पुन्हां उतरावें.

या मधल्या मुठीची सत्ता किती, याचें आणखी एक उदाहरण हेलिकॉप्टरचें. १४ जानेवारी १९४२ रोजीं प्रथम उडालेल्या सिकॉर्स्कीच्या आर-४ यंत्रांत दोन आसनांच्या मधोमध उचलण्याची सामायिक दांडी होती. उजवीकडे बसणारा ती डाव्या हातानें धरी आणि सदैव जपून धरावयाची नाजूक दांडी उजव्या हातांत ठेवी. हेलिकॉप्टरचा मुख्य वैमानिक आजहि बहुधा उजवीकडे बसतो, त्याचें मूळ तेथें असल्याचें सांगतात. थोडें वजन वांचावें म्हणून केलेली सोय अशी पुढल्या पिढ्यांचा आचार होऊन बसते.

आम्हांस या सर्व इतिहासांत यंत्रापेक्षां माणसाचीच गोष्ट अधिक दिसते. पुष्कळ वर्षें एका जागीं बसून मिळविलेली प्रवीणता ही आपली स्वतःची आहे असें आपण समजतों. ती निम्मी त्या जागेचीहि असते, हें जागा सोडल्यावांचून कळत नाहीं. आपलें आसन शिष्यास देऊन जो शेजारीं जाऊन बसतो, त्यास पहिले कांहीं दिवस आपल्या अनाडी हाताची लाज सोसावी लागते. पण त्या दिवसांचा एक लाभ आहे. शिष्याचा हात कां अडखळतो, हें त्यास आठवणीनें नव्हे, प्रत्यक्ष स्वतःच्या हातानें पुन्हां कळतें. आणि मग मधल्या मुठीवर पडलेला दुसरा हात केव्हां धरावा व केव्हां मोकळा सोडावा, हेंहि त्यास उमजूं लागतें.