पत्त्यांतला गुलाम, लॅपटॉपमधला जॅक

दुकानात ‘हेडफोनची पिन’ मागायची, ती ज्या भोकात घालायची त्याला ‘जॅक’ म्हणायचं आणि घाईत असलो की दोन्हींना जॅकच म्हणायचं, अशी आपली रीत. तंत्रज्ञांच्या हिशेबात मात्र आत जाणारा तो प्लग आणि त्याला आत घेणारा तो जॅक. आता हा जॅक मुळात कोण?

तो माणूस आहे. जॅक हे इंग्रजीत जॉनचं घरगुती रूप. नाव इतकं सर्रास झालं की कुठल्याही साध्या गड्याला, हरकाम्या पोराला जॅक म्हणू लागले. मग गड्याचं काम करणाऱ्या साधनांनाही तेच नाव चिकटलं: पायातला बूट ओढून काढणारा जॅक, मांस भाजायची सळई फिरवणारा जॅक, गाडी उचलणारा जॅक. हा शेवटचा मराठीत इतका रुळला की साहेबाकडून काम करून घ्यायचं तर आपण ‘जॅक लावतो’.

पत्त्यांच्या कॅटातला जॅक आपल्याकडे गुलाम झाला, तेही चपखलच. त्याचं इंग्रजीतलं जुनं नाव ‘नेव्ह’. त्याचा मूळ अर्थ मुलगा. पुढे नोकर, आणि शेवटी लबाड. अरबीतल्या ‘गुलाम’चाही मूळ अर्थ मुलगाच, मग चाकर. दोन भाषांनी पोराला कामाला जुंपलं आणि दोन्हीकडे शब्दाची अशीच घसरण झाली. फणसाच्या इंग्रजी नावातला जॅक तेवढा या कुळातला नाही. तो मल्याळममधला ‘चक्का’. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचा ‘जाका’ झाला.

कानाला लागणारा जॅक टेलिफोनच्या घरातून आला. 1870च्या दशकाच्या अखेरीस शिकागोच्या चार्ल्स स्क्रिब्नरने स्विचबोर्डासाठी एक स्विच बनवला. तो मिटत्या चाकूसारखा, म्हणजे ‘जॅकनाइफ’सारखा दिसे. बोलताना चाकू गळाला, जॅक उरला. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज 1882 मध्ये सुरू झालं. अशा एक्स्चेंजांतून पुढे अनेक वर्षं दोरीच्या टोकाची पिन या जॅकमधून काढून त्या जॅकमध्ये घालणं हेच ऑपरेटरचं काम होतं. पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटरची ती पिन आजही इलेक्ट्रिक गिटारला लागते. लॅपटॉपची 3.5 मिलिमीटरची पिन म्हणजे तिचंच धाकटं भावंड.

पिनेच्या अवयवांची नावंही स्विचबोर्डावरचीच: टोकाला टिप, मधे रिंग, बुडाशी स्लीव्ह, म्हणजे बाही. स्टिरिओला एवढं पुरतं. एकाच भोकातून माइकही चालवायचा म्हणून आणखी एक रिंग आली आणि पिनेचे चार भाग झाले. इथेच घोळ झाला. माइक आणि अर्थिंग यांपैकी आधी कोण, यावर दोन मानकं निघाली, ओएमटीपी आणि सीटीआयए. पहिल्या पद्धतीचा जुना हेडसेट दुसऱ्या पद्धतीच्या जॅकला लावला की गाणं पोकळ वाजतं: वाद्यं ऐकू येतात, गाणारा बुडालेला. कारण अर्थिंग नीट न मिळाल्याने डाव्या-उजव्या आवाजातला फरक तेवढा कानावर येतो आणि मधोमध असलेला गायक वजा होतो. वायरवरचं बटण दाबून धरलं की गायक परत येतो; त्या बटणाने माइकच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या जातात. बिघाड समजून हेडसेट फेकून देण्याआधी एवढं करून पाहावं.

जॅकला मराठी प्रतिशब्द शोधायच्या भानगडीत मी पडणार नाही. ‘संयुक्त ध्वनिद्वार’ कागदावर शोभेल, पण दुकानदार विचारेल, काय पाहिजे नक्की?

तेव्हा लॅपटॉपला एकच भोक असेल तर हेडसेट घेताना पिनेवरचे काळे पट्टे मोजा. दोन असतील तर फक्त ऐकू येईल, तीन असतील तर बोलताही येईल. आणि घरात हिरव्या-गुलाबी अशा दोन पिनांचा जुना हेडसेट असेल तर तो टाकू नका. दोन्ही पिना एकत्र करणारी छोटी जोडवायर मिळते.