डब्ल्यूटीए फायनल्स : महिला टेनिसच्या हंगामअखेरच्या स्पर्धेचा प्रवास

वर्षभर सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या आठ महिला टेनिसपटू आणि दुहेरीच्या आठ जोड्या हंगामाच्या शेवटी एकाच स्पर्धेत आमनेसामने येतात. ही स्पर्धा म्हणजे डब्ल्यूटीए फायनल्स. चार ग्रँड स्लॅमनंतर महिला टेनिसमध्ये तिचेच विजेतेपद मोठे मानले जाते.

सुरुवात कशी झाली?

१९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर, तर महिला विजेतीला १,५०० डॉलर मिळणार होते. याच्या निषेधार्थ बिली जीन किंग, रोझी कासाल्स यांच्यासह नऊ खेळाडूंनी प्रकाशक ग्लॅडिस हेल्डमन यांच्याशी प्रत्येकी एका डॉलरचा करार केला आणि ह्यूस्टनमध्ये वेगळी स्पर्धा खेळली. तिला ‘व्हर्जिनिया स्लिम्स’ या सिगारेट ब्रँडचे प्रायोजकत्व मिळाले. त्यातूनच महिलांची स्वतंत्र स्पर्धामालिका उभी राहिली.

या मालिकेची पहिली अंतिम स्पर्धा १९७२ मध्ये फ्लोरिडातील बोका रॅटन येथे झाली. एकूण बक्षीस रक्कम एक लाख डॉलर होती. १७ वर्षांच्या ख्रिस एव्हर्टने केरी मेलव्हिलला हरवून ती जिंकली, पण तेव्हा ती हौशी खेळाडू असल्याने तिला बक्षिसाचे पैसे घेता आले नाहीत. पुढच्याच वर्षी डब्ल्यूटीए ही खेळाडूंची संघटना स्थापन झाली.

न्यूयॉर्कचा काळ

१९७९ ते २००० या काळात ही स्पर्धा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रंगली. १९८६ मध्ये ती मार्चऐवजी नोव्हेंबरमध्ये घेण्याचे ठरले, त्यामुळे त्या एका वर्षात दोनदा झाली. दोन्ही वेळा मार्टिना नवरातिलोवा जिंकली. एकेरीची तिची एकूण आठ विजेतेपदे हा आजही विक्रम आहे.

१९८४ ते १९९८ दरम्यान येथील अंतिम सामना पाच सेटचा असे. १९०१ नंतर महिलांच्या मोठ्या स्पर्धेत असे प्रथमच घडत होते. १९९० मध्ये मोनिका सेलेसने गॅब्रिएला सबातिनीला पाच सेटमध्ये नमवले. महिला पाच सेट खेळू शकतात का, या जुन्या वादाचे उत्तर त्या सामन्याने कोर्टवरच दिले.

यजमान शहरे का बदलत गेली?

२००१ नंतर म्युनिक, लॉस एंजेलिस, माद्रिद, दोहा, इस्तंबूल आणि सिंगापूर असा या स्पर्धेचा प्रवास झाला. ज्या शहराकडून जास्त निधी, तिकडे यजमानपद, असे समीकरण होत गेले. २०१९ पासूनच्या स्पर्धेसाठी चीनच्या शेनझेनशी दीर्घकालीन करार झाला. बक्षीस रक्कम १.४ कोटी डॉलरवर पोहोचली आणि विजेत्या ॲश्ले बार्टीला ४४.२ लाख डॉलर मिळाले.

मात्र ही आवृत्ती तिथली एकमेव ठरली. २०२० ची स्पर्धा करोनामुळे रद्द झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये चिनी खेळाडू पेंग श्वाईने एका माजी उपपंतप्रधानांवर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला आणि त्यानंतर काही काळ ती सार्वजनिक जीवनातून दिसेनाशी झाली. डब्ल्यूटीएने चीनमधील सर्व स्पर्धा स्थगित केल्या. २०२३ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या, पण फायनल्स शेनझेनला परतली नाही. मधल्या काळात ग्वादालाहारा, फोर्ट वर्थ आणि कॅनकून येथे ती घाईघाईने भरवावी लागली. कॅनकूनमधील तात्पुरत्या कोर्टबद्दल खेळाडूंनी जाहीर नाराजी व्यक्त केली.

रियाधचा वाद

२०२४ ते २०२६ साठी यजमानपद सौदी अरेबियातील रियाधला देण्यात आले. तेथील महिलांचे आणि समलैंगिकांचे हक्क पाहता हा निर्णय चुकीचा आहे, असे एव्हर्ट आणि नवरातिलोवा यांनी जाहीरपणे मांडले. ओन्स जाबूरसारख्या खेळाडूंनी मात्र अरब मुलींना प्रेरणा मिळेल, असे म्हणत त्याचे स्वागत केले. २०२४ मध्ये कोको गॉफ, तर २०२५ मध्ये एलेना रायबाकिना विजेती ठरली. अपराजित रायबाकिनाला ५२.३५ लाख डॉलर मिळाले.

भारताचा ठसा

मुंबईत जन्मलेल्या सानिया मिर्झाने सिंगापूरमध्ये दुहेरीचे विजेतेपद दोनदा पटकावले : २०१४ मध्ये कारा ब्लॅकसोबत आणि २०१५ मध्ये मार्टिना हिंगिससोबत.

समान मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या या स्पर्धेला पैसा आधी सिगारेट कंपनीने पुरवला, नंतर चीनने आणि आता सौदी अरेबियाने. बक्षीस वाढत गेले, तसा ‘हा पैसा कोणाकडून घ्यायचा?’ हा प्रश्नही तिच्यासोबत शहरोशहरी फिरत राहिला.