वामनदादांची सही

१४ एप्रिलला मिरवणुकीत जी गाणी वाजतात त्यातली कितीतरी वामनदादा कर्डकांची. नाचणाऱ्या पोरांना विचारा, गायकाचं नाव पटकन सांगतील. लिहिलं कुणी? तिथं गाडी अडते.

जन्म १९२२चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. पोटासाठी मुंबई गाठली, मिळेल ते काम केलं. अक्षरओळख झाली तीच मुळात तरुणपणी, मुंबईत. समता सैनिक दलात गेले, १९४३च्या सुमारास गाणं सुरू झालं आणि २००४ला ते गेले तोपर्यंत थांबलं नाही. म्हणजे साठ वर्षं! ब्रिटिश राज, १९५६चं धर्मांतर, बाबासाहेबांचं जाणं, पुढं नामांतराचा लढा, सगळं या एका माणसानं गात गात पाहिलं. चित्रपटांसाठीही लिहिलं. भांडवलदारांची नावं घेऊन देशाच्या संपत्तीत गरिबाचा हिस्सा विचारणारं गाणंही त्यांचंच.

मागं ना कंपनी, ना सरकारी पगार. गाव बोलावणार, दादा जाणार, गाणार, आणि गाणं तिथंच ठेवून पुढच्या गावी निघणार. लोक ते पाठ करायचे, वहीत उतरवायचे. पुढं कॅसेटी आल्या, मोबाईल आला.

मग नाव टिकलं कसं? मला वाटतं, शेवटच्या कडव्यामुळं. तुकोबांच्या अभंगात जशी 'तुका म्हणे' ही मुद्रा, तशी दादांच्या गाण्यात 'वामन'. गरीब कवीचा कॉपीराईट हाच! पण आज डीजेवर दोन कडवी वाजतात, की लगेच पुढचं गाणं. शेवटचं कडवं कापलं जातं, आणि त्याबरोबर सहीसुद्धा.

कायदा काय म्हणतो? कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे दादांचा २०६४ अखेरपर्यंत. २०१२च्या दुरुस्तीनं गीतकाराला रॉयल्टीचा वाटाही दिला. पण गाणं कुणाचं हेच लिहिलेलं नसेल, तर वाटा द्यायचा कुणाला?

म्हणून सांगतो, घरात आजोबांची गाण्यांची जुनी वही असेल तर रद्दीत घालू नका. पानांचे फोटो काढून ठेवा. आणि गाणं शेअर करताना गायकाच्या बरोबरीनं कवीचंही नाव लिहा. एवढं तर आपल्या हातात आहे ना?