वतन, वेतन आणि करवीरचें तिमाही पत्रक

राज्याची चाकरी कोणास द्यावी, तीसाठीं त्यास काय शिकवावें आणि मोबदला रोख द्यावा कीं जमिनीनें, हे प्रश्न महाराष्ट्रांत जुनेच आहेत. करवीरच्या संभाजी छत्रपतींच्या अमदानींत, इ. स. १७१५-१६ च्या सुमारास लिहिलेल्या व रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवावर असलेल्या आज्ञापत्रांत, वतनदारांस राज्याचे वांटेकरी समजून त्यांच्याविषयीं सावध राहण्याचा इशारा दिला आहे, आणि नवीं वतनें देऊन राज्य क्षीण करूं नये असेंही बजावलें आहे. तथापि गांवगाड्यांत वतनाचा अंमल पुढें दोनशें वर्षें टिकला. कुळकर्ण्याचें दप्तर बापाकडून मुलाकडे जाई. महाराची चाकरीही तशीच वंशपरंपरेनें चाले. भेद एवढाच, कीं वतनानें पहिल्यास अधिकार दिला व दुसऱ्यास वेठ. तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यांत साऱ्या कुटुंबानें हांक येईल तेव्हां राबावें, हाच त्या दुसऱ्या वतनाचा अर्थ होता.

ता. २ एप्रिल १८९४ रोजीं शाहू छत्रपतींनीं राज्यसूत्रें हातीं घेतलीं, तेव्हां दरबारच्या कचेऱ्यांची स्थितीही फारशी निराळी नव्हती. त्या वर्षाचे आंकडे नेहमीं दिले जातात ते असे, कीं वरिष्ठ ७१ जागांपैकीं ६० जागा ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे होत्या. यावरचा उपाय म्हणून ता. २६ जुलै १९०२ चा प्रसिद्ध हुकूम निघाला. महाराज त्या वेळीं सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेंत होते.

या हुकुमाचा पहिला भाग सर्वांच्या तोंडीं आहे : रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांनीं भराव्या. ब्राह्मण, प्रभु, शेणवी, पारशी व दुसरे पुढारलेले वर्ग खेरीजकरून बाकीचे सर्व ते मागासलेले, अशी व्याख्याही त्यांत आहे. परंतु संशोधकानें लक्ष द्यावें तें पुढील दोन कलमांकडे. ज्या कचेरींत हें प्रमाण ५० हून कमी असेल, तेथें पुढची नेमणूक या वर्गांतूनच करावी, हें एक. आणि प्रत्येक खातेप्रमुखानें नेमणुकांचें पत्रक दर तिमाहीस हुजुराकडे पाठवावें, हें दुसरें. असलेल्या माणसास काढावयाचें नाहीं, आणि नव्या नेमणुकीचा हिशेब मात्र द्यावयाचा. आमच्या मतें हुकुमाचें बळ या पत्रकांत आहे. कारण ज्या हुकुमाची झडती होत नाहीं, तो दप्तरांतच निजतो.

जागा राखल्या तरी त्या चालविणारीं माणसें तयार पाहिजेत, हेंही दरबारानें जाणलें होतें. मराठा विद्यार्थ्यांसाठीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ सालींच निघालें होतें. अस्पृश्य मुलांसाठीं मिस क्लार्क वसतिगृह १९०८ सालीं निघालें. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या स्मरणार्थ गांवच्या पाटलांस त्यांचें काम शिकविणारी शाळाही काढण्यांत आली. १९१८ सालीं कुळकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले गेले; त्याच सालीं महार वतनें रद्द करून त्या जमिनी रयताव्यांत आणल्या. येथें वतन सुटून वेतन आलें, आणि जन्माच्या जागीं शिक्षण व नेमणूक आली.

१९१९ च्या हुकुमांनीं आणखी एक पाऊल पुढें टाकलें. सरकारी नोकरांनीं अस्पृश्यांस ममतेनें व समतेनें वागवावें. ज्यास हें मान्य नसेल त्यानें सहा आठवड्यांच्या आंत राजीनामा द्यावा, आणि अशास पेन्शन मिळणार नाहीं. नोकराच्या वर्तनाचा संबंध थेट त्याच्या पोटाशीं जोडणारा हा नियम आहे. महार वतनें १९५८ च्या कायद्यानें राज्यभर गेलीं, हें ध्यानांत घेतां करवीरनें चाळीस वर्षांची आघाडी घेतली होती, असें म्हणावें लागतें.

या सर्वांचें फळ काय? १९१२ सालीं वरिष्ठ ९५ जागांपैकीं ३५ ब्राह्मणांकडे होत्या, असें सांगतात. पण या आंकड्यांनीं जागा मोजल्या जातात, पगार नव्हे. नव्यानें आलेल्या कारकुनास शेजारच्या जुन्याइतका दरमहा मिळे काय, तो कायम केव्हां झाला, त्यास बढती किती वर्षांनीं मिळाली, याचें उत्तर हुकूमनाम्यांत नाहीं. तें हजेरीपटांत, पगारपत्रकांत व त्या तिमाही पत्रकांत शोधावें लागतें.

ता. १ मार्च १९४९ रोजीं संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. दरबारचें दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत आहे. परंतु कारकून, तलाठी व कुळकर्णी यांच्या घरांतील रुमाल अजूनही माळ्यांवर पडलेले असतात. शिक्क्याची सनद दिसली कीं आपण संग्राहक ती जपून ठेवतों आणि पगाराचा कागद रद्दींत जाऊं देतों. सनद राजाची इच्छा सांगते. ती इच्छा गरिबाच्या हातीं किती रुपयांनीं पोंचली, हें पगाराचा कागद सांगतो. यापुढें रुमाल सोडतांना तोही कागद जपावा, एवढीच विनंति.