दोन समुद्रांमधला झाडीचा टप्पा

ज्या देशाच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला वाळवंट आहे, त्या देशातून सडकेने जाण्याचा बेत करणाऱ्या मनुष्यास किनाऱ्याची फारशी चिंता नसते; तेथे गावे असतात, विहिरी असतात, बाजार असतात, आणि साऱ्या कोसांची, पाण्याची व शिध्याची गणना मधल्या ओसाड मुलखासाठीच करून ठेवावी लागते. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात वाळवंट नव्हते. परंतु 1751 साली अलीवर्दीखानाशी झालेल्या तहाने ओरिसाचा मुलूख त्यांच्याकडे आला, पूर्वसमुद्राचा किनारा हाती लागला, आणि राजधानी व समुद्र यांच्यामध्ये पसरलेले अफाट अरण्य हाच त्यांच्या प्रत्येक प्रवाशापुढचा, व्यापाऱ्यापुढचा आणि सरदारापुढचा खरा प्रश्न होऊन बसला. त्या अरण्याचे पश्चिमद्वार म्हणजे वैनगंगेच्या पूर्वेची झाडी. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला आजचा गोंदिया जिल्हा याच झाडीत वसला आहे, आणि त्याचा इतिहास लिहावयाचा तर तो किल्ल्यांपेक्षा वाटांच्या अनुरोधाने लिहिणेच अधिक न्याय्य होईल, असे मला वाटते.

या वाटांवरून प्रथम मोठ्या प्रमाणावर गेली ती फौज. पहिल्या रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर यांनी 1741 साली रतनपूरचे राज्य नमविले आणि तेथून बंगालवर स्वाऱ्या केल्या. 1744 साली मानकरा येथील छावणीत दग्याने त्यांचा वध झाला, तरी मोहिमा थांबल्या नाहीत, आणि शेवटी बंगालची बारा लक्षांची चौथाई व कटकचा सुभा ही त्यांची निष्पत्ती झाली. पुढे 1803 च्या डिसेंबरात देवगावचा तह होऊन तो सुभा इंग्रजांकडे गेला. मधली पन्नासएक वर्षे मात्र नागपूरच्या दरबाराचा एक पाय समुद्रकाठी होता, जगन्नाथपुरीच्या देवस्थानाचा कारभार मराठी अंमलदारांच्या देखरेखीखाली चालत होता, आणि हरकारे, कारकून, यात्रेकरू व सावकार वैनगंगा उतरून कोणी उत्तरेस लांजीच्या बाजूने, तर कोणी दक्षिणेच्या डोंगरवाटांनी छत्तीसगडाकडे जात होते. एकच एक राजमार्ग असा नव्हताच; पाणी कोठे टिकले आहे, कोणत्या जमीनदाराशी कोणाचे बिनसले आहे आणि कोणत्या घाटात वाघाने ठाण मांडले आहे, यावर त्या वर्षीची वाट ठरे.

बेताचे पहिले कलम म्हणजे महिना. दसरा उलटून चिखल वाळल्यावर निघावयाचे आणि मृगाच्या आत परतावयाचे, हा नियम मोडणाऱ्यास झाडी क्षमा करीत नसे. वॉरन हेस्टिंग्जने 1778 साली मुधोजी भोसल्यांशी सख्य जोडण्यासाठी अलेक्झांडर इलियट या आपल्या विश्वासू तरुणास कटकमार्गे नागपूरला पाठविले. राजकारणाची घाई होती, म्हणून वकिलातीने पावसाळ्याचा मुलाहिजा ठेवला नाही. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सारंगगडच्या मुलखात हिवतापाने इलियटचे देहावसान झाले. त्याची समाधी त्याच रानात आहे. वकील नागपुरास पोहोचलाच नाही, आणि पुढच्या महिन्यांतील पुष्कळसे राजकारण त्यामुळे निराळ्या वळणाने गेले. एका ज्वराचे इतके मोल इतिहासाने क्वचितच लावले असेल.

राजकारणी पुरुष चुकत, परंतु बंजारा चुकत नसे. या वाटांचे खरे ज्ञान कोणापाशी असेल तर ते तांड्याच्या नायकापाशी. सतराव्या शतकात हिंदुस्थानात हिंडलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे धान्य व मीठ वाहून नेताना पाहिल्याचे लिहून ठेवले आहे, आणि समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या प्रदेशात मीठ येत असे ते अशाच पाठींवरून. कोकणचे मीठ पश्चिमेकडून आणि ओरिसाच्या किनाऱ्याचे मीठ पूर्वेकडून आत सरकत असे. उलट दिशेने छत्तीसगडचा तांदूळ, गहू आणि रानातली लाख बाहेर पडे. प्रत्येक बैलाच्या पाठीवर दोन बाजूंस दोन गोण्या, अग्रभागी कवड्यांनी व घंटांनी शृंगारलेला मानाचा बैल, आणि घंटांच्या नादावर चाललेली ती संथ मिरवणूक दिवसाकाठी थोडेच कोस चाले. मुक्कामाला गोण्या उतरवून त्यांचीच वर्तुळाकार भिंत रचीत. आत बायकामुले व चुली, बाहेर आगट्या व कुत्री. बैल रानात चरावयास सुटत, म्हणून वैरणीचा खर्च नाही, आणि मालकाला वाहतूक स्वस्त पडे. खडीची सडक आणि पूल यांवाचून एवढे अवाढव्य दळणवळण शतकानुशतके चालविणे ही सामान्य बुद्धीची गोष्ट नव्हे; आमच्या इतिहासग्रंथांनी सरदारांच्या वंशावळींना जितकी पाने दिली, त्यांतील काही या नायकांच्या मुक्कामांना देणे अगत्याचे होते.

मुक्काम पडे तो पाण्याकाठी, आणि झाडीत पाण्याचा अभाव नाही, ही या टप्प्याची मोठीच सोय. नद्या आहेत: चुलबंद, बाघ, गाढवी, परंतु उन्हाळ्यात त्यांचे डोह उरतात. बारमाही आधार तळ्यांचा. गोंड राजांच्या आश्रयाने येथे स्थिरावलेल्या कोहळी समाजाने टेकड्यांच्या कुशीत पाळी घालून शेकडो तलाव व बोड्या निर्माण केल्या. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधविला अशी परंपरा सांगते. त्याच्या भोवतीच्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात आणि बांधाच्या दैवताला कोलासुर म्हणून पूजतात. या तलावांची रचना जवळून पाहण्याजोगी आहे. पाळीच्या आतल्या अंगाला जे तुडुम असते, त्याला वरपासून खालपर्यंत भोके ठेवलेली असतात व ती दट्ट्यांनी बंद केलेली असतात. पातळी उतरत जाईल तसतसे एकेक खालचे भोक उघडावयाचे, म्हणजे धानाला पाणी हवे तेवढेच मिळते आणि तलाव एकदम रिता होत नाही. शेतीसाठी केलेल्या या व्यवस्थेचा लाभ वाटसरूला आपसूक होई, कारण चैत्र-वैशाखातही पाळीखाली ओल असे, आणि आंबराईच्या सावलीत एक दुपार काढता येत असे.

पाण्याच्या खालोखाल प्रश्न परवान्याचा. मुलूख भोसल्यांचा खरा, पण प्रत्यक्ष अंमल रानातल्या जमीनदारांचा. रहदारी घेणारा तोच, वाटाड्या देणारा तोच, आणि मर्जी फिरल्यास वाट अडविणाराही तोच. कामठ्याचा परगणा यांत बलाढ्य होता. आप्पासाहेब भोसल्यांच्या पदच्युतीनंतर 1818 साली तेथील चिमणा पटेलाने इंग्रजांविरुद्ध उठाव केला, तेव्हा तो मोडण्यासाठी कंपनीला फौज पाठवावी लागली.

ही सारी गणना पालटली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तिसरे रघूजी 1853 च्या डिसेंबरात निवर्तले, संस्थान खालसा झाले, 1861 साली मध्य प्रांत निर्माण झाला, आणि चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकीर्दीत सडकांच्या कामाला जोर आला. नागपुराहून भंडारा, साकोली व देवरीवरून राजनांदगाव-रायपूरकडे जाणारी ती ‘ग्रेट ईस्टर्न रोड’. सौंदडजवळ चुलबंद, पुढे डोंगरांची चढण, देवरी, आणि हद्दीवर बाघ नदी, असा तिचा आपल्या जिल्ह्यातला क्रम. अर्जुनी नावाची दोन गावे या भागात असल्याने जे सडकेवर पडले ते सडक अर्जुनी म्हणून ओळखले जाऊ लागले. बैलाच्या पाठीवरचे ओझे खाचरावर आले, मजला ठरल्या. नायकाच्या स्मरणात असलेला नकाशा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दप्तरात गेला.

पण सडकेचे वैभव अल्पायुषी ठरले. 1880 ते 1882 या अवधीत नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरमापी मार्ग राजनांदगावपर्यंत पोहोचला, आणि त्याने सडकेची संगत न धरता उत्तरेची वाट धरली: तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा, आणि दरेकशाच्या डोंगरातून डोंगरगड. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग घेऊन रुंद केला व पुढे कलकत्त्याशी जोडला. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून उत्तरेस बालाघाट-नैनपूरकडे व दक्षिणेस चांद्याकडे फाटे निघाले. त्याबरोबर गोंदिया हे जंक्शन झाले, धानाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, तेंदूपानाचा व विडीचा व्यापार तेथे एकवटला, आणि एक साधे खेडे दोन पिढ्यांत जिल्ह्याच्या योग्यतेचे शहर बनले. देवरी मात्र मागे पडली. मीठ आता डब्यातून येऊ लागले. तांडे विरले, आणि ज्यांनी किनारा आणि अरण्य यांची सांगड घातली होती त्या बंजाऱ्यांना 1871 नंतरच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याच्या छायेत जगण्याची पाळी आली. हा अन्याय सांगितल्यावाचून रेल्वेची स्तुती करणे मला अप्रशस्त वाटते.

मोटारीने सडकेला पुन्हा प्राण दिला. स्वातंत्र्योत्तर काळात तीच राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6 झाली, हजिऱ्याहून कलकत्त्यापर्यंत जाणारी. नव्या क्रमवारीत तिला 53 हा अंक मिळाला, आणि आता ती पश्चिमेस गुजरातच्या किनाऱ्यावरील हजिऱ्याला आरंभ होऊन पूर्वेस ओडिशातील पारादीप बंदरापाशी थांबते. भोसल्यांच्या काळी जे तुकड्यातुकड्यांनी, तांड्यातांड्यांनी साधे, ते आज एका क्रमांकाखाली आले आहे: एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत अखंड वाट, आणि तिच्या मध्यात आपली झाडी.

मात्र झाडीचा टप्पा अजूनही विचार करूनच ओलांडावयाचा आहे, फक्त कारण उलटले आहे. पूर्वी वाघाचे भय माणसाला होते, आज माणसाच्या वाहनांचे भय वाघाला आहे. सडकेच्या उत्तरेस नागझिरा आणि दक्षिणेस नवेगाव; 2013 साली दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला, आणि या दोन रानांत जा-ये करणाऱ्या श्वापदांना हाच महामार्ग आडवा येतो. म्हणून नागपुराहून पूर्वेकडे सडकेने निघण्याचा बेत करणाऱ्या प्रत्येकास माझी विनंती आहे की, साकोलीपासून देवरीपर्यंतचा पल्ला त्याने दिवसाउजेडी पार करावा, वेग आवरावा, आणि हाताशी एक दुपार असेल तर कोहमाऱ्याहून दक्षिणेस वळून नवेगावबांधची पाळ पाहून यावी.