सामायिक महासंगणन (कृषी संशोधन)

एका संस्थेतला महासंगणक दूरदूरच्या संशोधकांनी जाळ्यावरून वापरण्याची व्यवस्था. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने 1991 मध्ये ‘परम 8000’ हा महासंगणक घडवला. कृषी संशोधकांसाठी ‘अशोका’ ही सुविधा दिल्लीच्या भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेत 2014 मध्ये सुरू झाली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या (स्थापना 1972) ठिकाणी स्वतःचे यंत्र उभारण्यापेक्षा हीच वाट शहाणपणाची. लोह-जस्तयुक्त ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी याच विद्यापीठाने प्रसारित केली. ज्वारीच्या जनुकसंचात सुमारे 73 कोटी आधारजोड्या असतात. शेकडो वाणांची तुलना करायची म्हटली की टेबलावरचा संगणक हात टेकतो. पण असे काम रोजचे नसते. एरवी स्वतःचे यंत्र पडून राहणार, आणि चाळिशीपार उन्हाळ्यात ते थंड ठेवण्याचे वीजबिल मात्र येतच राहणार.

सामायिक यंत्रावर ताटकळावे लागते, हा आक्षेप खोटा नाही. काम रांगेत लागते. प्रक्रियकाचे किती गाभे, किती तास हे आधी सांगावे लागते. वेळ जास्त मागितला तर नंबर लांबतो, कमी मागितला तर चालू काम मध्येच तोडले जाते. तरी महिन्याचे गणित काही तासांत उरकत असेल, तर दोन दिवसांची प्रतीक्षा महाग नव्हे. खरी अडचण वेगळीच: प्रचंड माहिती तिथवर पाठवणारी दमदार जोडणी आणि लिनक्स या संगणक प्रणालीवर हात बसलेला माणूस. यंत्र वाटून घेता येते. हे दोन्ही मात्र परभणीतच लागतात.