मुंबई-कराची : मैल तेच, तास निराळे

दोन शहरांमधले अंतर विचारले तर शाळेतला मुलगा मैल सांगतो आणि प्रवासी तास सांगतो. आमचे शिक्षण शाळेपेक्षा गोदीच्या फाटकावर अधिक झाले. तिथे आम्ही एवढे शिकलो की मैल निसर्ग ठरवतो, पण तास माणसे ठरवतात. मुंबई आणि कराची या दोन बंदरांचा इतिहास याची साक्ष देतो.

या दोन शहरांमधले सरळ अंतर सुमारे ५५० मैल. १९३६ साली सिंध वेगळा प्रांत झाला. तोपर्यंत दोन्ही शहरे एकाच मुंबई इलाख्यात होती. १९२९ पासून विलायतेचे टपाल लंडनहून कराचीपर्यंत विमानाने येऊ लागले. पुढचा मार्ग जे. आर. डी. टाटा यांनी जोडला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास, टपालाच्या थैल्या घेऊन, एका इंजिनाच्या लहानशा पुस मॉथ विमानातून ते कराचीहून निघाले. विमानात बिनतारी यंत्र नव्हते. वाटेत अहमदाबादला उतरून दुपारी दोनच्या आत ते जुहूच्या मैदानावर पोचले.

या उड्डाणाचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते योग्यच होते. परंतु अहमदाबादेस विमानाचे पेट्रोल बैलगाडीतून, डबे भरून आणले होते, ही गोष्ट आम्हांस तितकीच मोलाची वाटते. ते डबे वाहणाऱ्यांची नावे इतिहासाने नोंदली नाहीत. तथापि त्यांच्या खांद्यांवाचून तो विक्रम अहमदाबादेसच अडला असता.

पुढे यंत्रे सुधारली. जेट विमान हे अंतर दीड-पावणेदोन तासांत कापू लागले. मग वाट सोपी झाली म्हणावे, तर १९४७ साली मधे सरहद्द आली. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत वाट बंद पडली, नंतर पुन्हा उघडली. २०१७ साली थेट विमानसेवा थांबली, आणि २०२५ च्या एप्रिलअखेर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाशही बंद केले. थेट विमान नसले की दुबईवरून जावे लागते. म्हणजे सुमारे १९०० मैल, साडेतीन पट वाट, आणि शिवाय दुसऱ्या विमानाची वाट पाहणे. १९३२ साली सात-सव्वासात तासांत पोचलेले टपाल या हिशेबात मागे पडत नाही!

आमच्या संघटनेत एक सिंधी दादा होते. १९४७ साली, बारा वर्षांचे असताना, ते आईबरोबर कराचीहून बोटीने मुंबईस आले आणि गोदीत ओझी वाहून म्हातारे झाले. वर्गणी द्यायला आले की ते हटकून विचारीत, "साहेब, कराचीला आता किती तास लागतात?" विमानाचे तास आम्ही सांगत असू. एकदा ते म्हणाले, "हे तर तिकिटाचे झाले. व्हिसाचे किती?" आम्हांस उत्तर देता आले नाही. ते पुन्हा कराचीस न जाताच वारले.

सरहद्दीवर पहारा असावा, याबद्दल आमचा वाद नाही. देशाचे रक्षण झालेच पाहिजे. पण इंजिनाने वाचवलेले तास कोणाच्या पदरी पडले, हा प्रश्न प्रगतीचा इतिहास लिहिणाऱ्याने विचारलाच पाहिजे. त्या दादांच्या पदरी त्यांतला एकही पडला नाही, एवढी नोंद आम्ही येथे करून ठेवतो.